मिरगीची पांढरी गोळी

"रविवारी धरमपेठेत सभा आहे. विषय आहे, औषधांच्या किमतीला जबाबदार कोण. कंपनीच्या बाजूनं तू बोल."

साहेब हे लॅबच्या दारात उभं राहून म्हणाले. माझ्या हातात पिपेट होतं. मी आधी ते खाली ठेवलं.

"मी कशाला साहेब? मार्केटिंगवाल्यांना पाठवा."

"ते बोलले तं लोक म्हणतील माल विकून राहिले. तू लॅबवाली. तुझं ऐकतील."

नागपूरजवळच्या हिंगण्यात आमच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोल केमिस्ट होते. म्हणजे तयार झालेल्या प्रत्येक बॅचमध्ये औषध नेमकं तेवढंच आहे का, गोळी पोटात विरघळेल का, हे तपासायचं आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' लिहायचं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बी.फार्म. झालेली बाई कारखान्यात म्हटलं की लोक दोनदा बघायचे. मला सगळे 'वानखेडे बाई' म्हणत, साहेब फक्त 'वानखेडे'.

साहेब म्हणजे मालक, मोघे. पूर्वी ते स्वतः मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह होते. बॅग घेऊन चंद्रपूर, गोंदियापर्यंत डॉक्टरांच्या दारात बसलेला माणूस. कर्ज काढून त्यांनी कारखाना उभा केला होता. माणूस वाईट नव्हता. घाईचा होता.

त्या वर्षी आम्ही फेनोबार्बिटोनची गोळी बंद केली होती. मिरगीचं, म्हणजे फिट्स येण्याचं, हे फार जुनं आणि स्वस्त औषध. सरकारनं त्याची कमाल किंमत ठरवून दिली होती, तिच्यावर एक पैसा लावता येत नसे. शिवाय झोपेच्या गोळ्यांच्या वर्गातलं, म्हणून साठ्यावर कडक नजर. एवढं करून हातात फार काही उरायचं नाही. त्याउलट आमचं लोह-जीवनसत्त्वाचं टॉनिक धडाक्यात खपत होतं. टॉनिकवर सगळ्यांचे पगार निघत, हेही तितकंच खरं. मग एका मीटिंगमध्ये चहा येईपर्यंत निर्णय झाला. गोळी बंद, टॉनिकची दुसरी लाइन सुरू.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आधी डॉ. खांडवे बोलल्या. त्यांचा सदरमध्ये दवाखाना होता आणि फिट्सच्या पेशंटसाठी त्या आठवड्यातून एक दुपार राखून ठेवत. शांतपणे बोलल्या, पण शब्द मोजून मारले.

"दुकानात जा आणि टॉनिक मागा. दुकानदार वीस बाटल्या काढून ठेवेल. मिरगीची साधी गोळी मागा. नाही म्हणेल. ज्याची गरज आहे ते बनवायचं नाही आणि ज्याची नाही ते खपवायचं, याला उद्योग म्हणतात?"

टाळ्या वाजल्या. मग मी उठले. कच्च्या मालाचे वाढते भाव, एक्साइज, सेल्स टॅक्स, कारखान्याची वीज, सगळं सांगितलं. सरकार भाव बांधतं पण कच्च्या मालाचा भाव बांधत नाही, असंही म्हटलं. डॉक्टर मंडळी स्वतः महागड्या ब्रँडची नावं लिहितात, त्याचं काय, असं विचारलं तेव्हा मागच्या रांगेतून मलाही टाळ्या मिळाल्या. पहिल्या रांगेत साहेब खुश दिसत होते.

मग प्रश्नांची वेळ आली. मधल्या रांगेतला एक सडपातळ माणूस उठला. वय चाळिशीचं. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरी पट्टी.

"बाई, मी वसंता नंदनवार. सदरमध्ये टेलरिंगचं दुकान आहे माह्यं. मले त्या टॅक्सचं काही समजत नाही अन् मले कोणाची बाजू पण नाही घ्यायची. तुमच्या कंपनीची ती पांढरी गोळी मी रोज रात्री घेत होतो. कितीक वर्षं फिट नाही आली. आता दुकानवाला म्हणते बंद झाली. डॉक्टरीण बाईनं दुसरी लिहून देली, पण ते महाग पडते. मंग मी एक दिवसाआड खात होतो. दुकानात इस्त्री करता करता फिट आली. हात निखाऱ्याच्या इस्त्रीवर पडला."

तो थांबला. पट्टीचा हात दुसऱ्या हातानं सावरला.

"काहून बंद केली, एवढंच सांगा. माह्या घरचीले सांगाले लागते. ते रोज विचारते."

माझ्याकडे उत्तरं बरीच होती. एक्साइज होतं, कच्चा माल होता. पण त्या माणसानं भांडायला प्रश्न विचारला नव्हता. त्याला खरंच कारण हवं होतं, घरी जाऊन बायकोला सांगायला.

"फायदा कमी होता," मी म्हणाले. "तोटा नव्हता. फायदा कमी होता, म्हणून बंद केली."

वसंता नंदनवारांनी मान हलवली. "हौ. समजलं," म्हणाले आणि खाली बसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

परतताना मी साहेबांच्या गाडीत होते.

"वानखेडे, तुला कंपनीच्या बाजूनं पाठवलं होतं मी."

"त्यांनी कारण विचारलं साहेब. मी कारण सांगितलं."

"कच्चा माल मिळत नाही म्हटलं असतं तं काय बिघडत होतं?"

"मिळतो ना. मुंबईचा डीलर अजून विचारतो, पाठवू का म्हणून."

साहेबांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मला वाटलं, नोकरी गेली. घरात आई होती, भावाचं शिक्षण चालू होतं. 

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग तूच बनवून दाखव. सरकारच्या भावात, खिशातून पैसे न जाता, आणि क्वालिटीत रत्तीभर कमी नाही. जमलं तं सुरू करू. नाही जमलं तं पुढच्या सभेत उभं राहून तेही असंच खरं खरं सांगायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. त्या गोळीत औषध असतं चिमटीच्या टोकावर मावेल एवढं. बाकी गोळी म्हणजे दुधाची साखर आणि मक्याचं स्टार्च, हातात धरता यावी म्हणून. तेव्हा खर्च औषधात नव्हताच. खर्च होता गोळ्यांच्या चकचकीत पट्टीत, पट्टीच्या खोक्यात, खोक्यातल्या छापील कागदात आणि डॉक्टरांना फुकट वाटायच्या सँपलमध्ये. आणखी एक गोष्ट होती. आम्ही ही गोळी लहान लहान बॅचमध्ये बनवत होतो. बॅच लहान असो की मोठी, माझ्या लॅबमधल्या तपासण्या तेवढ्याच, मशीन धुण्याची मेहनत तेवढीच. मोठी बॅच काढली आणि पट्ट्यांऐवजी हजार गोळ्यांचे डबे भरले, तर गणित जमत होतं. फक्त एवढा माल खपेल का, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी डॉ. खांडव्यांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी त्या स्वतःची फियाट चालवत हिंगण्याला आल्या. सभेतला राग अजून पुरता गेला नव्हता.

"आता काय हवंय तुमच्या कंपनीला माझ्याकडून?"

"आकडा हवाय, डॉक्टर. नागपुरात फिट्सचे किती पेशंट ही गोळी घेतील?"

 त्या खुर्चीत बसल्या.

"खरं सांगू? आम्ही कधी मोजलंच नाही. प्रत्येक जण आपापले पेशंट बघतो." मग म्हणाल्या, "मोजते. पण ते सगळे तुमच्याकडूनच घेतील, याची हमी मी कशी देऊ?"

"हमी नको. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी औषधाचं नाव लिहावं आणि डबा घ्यावा. सँपल मिळणार नाही, डायरी मिळणार नाही, कॅलेंडर मिळणार नाही."

त्या पहिल्यांदा हसल्या. "कॅलेंडरशिवाय काही जण नाराज होतील. पण बघते."

पुढचे काही दिवस त्या एकेका डॉक्टरकडे स्वतः गेल्या. आकडा आला तो आम्हा दोघींच्याही अंदाजापेक्षा मोठा होता. कच्चा माल मागवला. तोवर उन्हाळा तापायला लागला होता.

आणि पहिलीच मोठी बॅच बिघडली.

गोळी बनते कशी, ते सांगते. औषध, साखर आणि स्टार्च एकत्र करून स्टार्चच्या खळीत भिजवायचं. चाळणीतून रव्यासारखे दाणे पाडायचे. ते ड्रायरमध्ये वाळवायचे आणि मशीनवर दाबायचे. दाण्यांत थोडासा ओलावा राहावा लागतो, नाहीतर ते एकमेकांना धरत नाहीत. नागपूरच्या एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी की ड्रायरमधून काढलेले दाणे मशीनपर्यंत पोचेस्तोवर आणखी वाळत. दाबलेल्या गोळीचं वरचं टोपण झाकणासारखं उडून येई. याला आमच्या धंद्यात 'कॅपिंग' म्हणतात.

मी बॅच रिजेक्ट केली. साहेब धावत आले.

"थोडा टवका उडाला तं काय झालं? आत औषध तं तेच आहे ना?"

"टवक्याबरोबर औषधही उडतं साहेब. औषध अर्धंच पोटात गेलं की काय होतं, ते आपण त्या हॉलमध्ये पाहिलं."

 माल फेकायचा नव्हता. दळून, पुन्हा दाणे पाडून वापरता येतो, फक्त मेहनत दुप्पट. पण पुन्हा तसंच झालं तर? साहेबांनी आपल्या परीनं उपाय काढला. घरचा कूलर आणून मशीनच्या खोलीच्या खिडकीत बसवला. हवेत ओलावा आला, गोळ्या बऱ्या निघू लागल्या. साहेब लहान मुलासारखे खुश.

त्याच आठवड्यात औषध खात्याचे इन्स्पेक्टर आले. नाव रामटेके. कारखान्यात पाय ठेवला की हा माणूस आधी कोपरे बघायचा. कूलर त्यांना दारातूनच दिसला.

"हे काय आहे?"

साहेब पुढे झाले. "गोळ्या तडकतात साहेब. गरिबांसाठी स्वस्तात बनवून राहिलो आम्ही. थोडं समजून घ्या."

"कूलरच्या ओल्या खसमध्ये बुरशी धरते. तीच हवा गोळ्यांवर जाईल." रामटेके आवाज चढवत नसत. "गरिबाले बुरशी चालते, असं कोणत्या नियमात लिहिलं आहे मोघे साहेब? दाखवा मले, मी सही करतो."

कूलर त्याच दुपारी निघाला. कूलरच्या हवेत तयार झालेल्या गोळ्याही बाजूला काढल्या. साहेबांचा चेहरा उतरला होता. मला मात्र आतून बरं वाटलं. खरं तर त्या कूलरला मीच आधी हरकत घ्यायला हवी होती, असं मनात घोळत होतं, आणि रामटेक्यांनी दोन वाक्यांत काम केलं. जाताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, बाहेरून ओलावा आणू नका. जो आत आहे तो जाऊ देऊ नका."

मी त्याच वाटेनं गेले. दाणे ड्रायरमधून लवकर काढायचे. ओलावा मोजायचा. काढले की लगेच घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये बंद करायचे. आणि गोळ्या फक्त सकाळच्या शिफ्टमध्ये, ऊन चढायच्या आत दाबायच्या. खळही थोडी वाढवली. कंपनीची बस येण्याआधीच मी साहेबांच्या गाडीतून हिंगण्याला पोचत असे. ते स्वतः घ्यायला येत, आणि वाटेत एकच प्रश्न विचारत, "आज गोळ्या धरतील ना गं?"

धरल्या. मी गोळ्या फिरत्या ड्रममध्ये टाकून आपटून पाहिल्या, विरघळवून पाहिल्या, औषध मोजलं. 'पास' लिहिलं तेव्हा साहेब माझ्या मागेच उभे होते. थेट दवाखान्यांना डबे द्यायचे तर आणखी परवानग्या लागत. रामटेक्यांनी कोणती कागदपत्रं लागतील ते स्वतः बसून सांगितलं आणि वरच्या ऑफिसला लगेच पाठवली. नियम एकही सोडला नाही. फक्त फाइल पडून राहू दिली नाही.

पावसाळ्यापूर्वी डबे दवाखान्यांत पोचले. फार नफा झाला नाही, पण तोटाही झाला नाही. साहेबांनी कारखाना चालवला तोवर ती गोळी बंद झाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सभा झाली, तेव्हा ते स्वतः बोलायला गेले. सरकारनं कच्च्या मालाचा भावही बघावा, हे त्यांनी ठणकावून सांगितलंच. पण गोळीचीही गोष्ट सांगितली.

नंदनवार मला एकदा डॉ. खांडव्यांच्या दवाखान्यात भेटले. पट्टी निघाली होती, डाग राहिला होता.

"बरं चालून राहिलं बाई. दुकान रोज उघडतो. पण तुमची गोळी लई कडू आहे. तेवढं पाहा ना."

"गोड थर चढवला तर महाग होईल, वसंतराव."

"मंग राहू द्या," ते घाईघाईनं म्हणाले. "कडूच बरी."

जबाबदार कोण, या प्रश्नावर मी नंतर पुष्कळ वाद ऐकले. सरकार म्हणतं कंपनी, कंपनी म्हणते सरकार, आणि दोघं मिळून डॉक्टरकडे बोट दाखवतात. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं. मला माझ्यापुरतं एवढंच समजलं की आम्ही ती गोळी परवडत नव्हती म्हणून बंद केली नव्हती. परवडते का, हे कोणी बसून पाहिलंच नव्हतं.