अर्ध्या स्क्रीनवरचे बाबा

दर रविवारी सकाळी बाबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून माझ्या कॉम्प्युटरसमोर बसायचे. कॅनडातून दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा, व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र. आई गेल्यापासून खाडीकाठच्या मोरवे गावातल्या घरात मी आणि बाबा दोघंच. मी घरून एका कंपनीची बिलं तपासते, म्हणून टेबलही माझं आणि मोठा स्क्रीनही माझा. रविवारी मात्र ती जागा बाबांची.

बोलण्याचा विषय ठरलेला, मिठागर. आमचं मिठागर बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण बाबांच्या डोक्यात ते चालूच होतं. उधाणाचं पाणी आत कधी घ्यायचं, बांध कुठे खचायचा, कडक उन्हात पाण्यावर मिठाची साय कशी धरायची, हे सगळं ते दादाला सांगायचे. इतक्या वर्षांत मला यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. मी भाकऱ्या थापता थापता ऐकायचे.

कॉल संपला की म्हणायचे, "त्याला आयकाया आवडतं. नजर हलत न्हाय पोराची."

हलायची. सारखी एका बाजूला जायची आणि परत यायची. मला वाटायचं, वहिनी काहीतरी खुणावत असेल.

एकदा बाबा पावसात वाहून गेलेल्या मिठाच्या राशीबद्दल सांगत होते. मध्येच दादा म्हणाला, "बाबा, थांबा, नव्या घराचे फोटो दाखवतो," आणि त्याने स्क्रीन शेअर केला. फोटो उघडायच्या आधी त्याचा सगळा स्क्रीन आमच्यासमोर आला. डाव्या अर्ध्या भागात आम्ही होतो, बाबा आणि त्यांच्या मागे पीठ लागलेल्या हातांची मी. उजव्या अर्ध्या भागात क्रिकेटची मॅच. आवाज बंद, खाली स्कोअर.

दादाने घाईघाईने ती खिडकी बंद केली. पण बाबांनी पाहायचं ते पाहिलं होतं.

"कोण खेळतंय रं?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, अगदी साधेपणाने.

"काही नाही बाबा, आपोआप लागली ती."

"बरं. जेवलास का?"

"हो. बाबा, ती रास वाहून गेली, मग पुढे?"

"पुढं काय? गेली." आणि ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने मी दादाला फोन केला. माझा आवाज चढला होता. तो उलट माझ्यावरच वैतागला. "अगं, ऐकत होतो मी. दोन्ही होतं एका वेळी. तू नाही करत ऑफिसच्या मीटिंगमध्ये?"

"मीटिंगमध्ये समोर माझा बाप नसतो," मी म्हणाले. त्याने फोन कट केला.

त्यानंतरही रविवारचे कॉल होत राहिले. बाबा बसायचे, "बरा हाय. तू कसा? पोर कशी हाय?" एवढं विचारायचे आणि मला हाक मारायचे, "घे, तू बोल आता." मिठागर पुन्हा निघालं नाही. मी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाले, "तुला काय करायचं ते? काम कर तुझं." दादाच्या वाट्याचं माझ्या वाट्याला येणार नव्हतंच. मला त्याचाही राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना.

काही महिन्यांनी दादाच्या मुलीला शाळेत प्रोजेक्ट मिळाला, आजोबांच्या कामाबद्दल. त्या रविवारी ती वही घेऊन दादाच्या शेजारी बसली होती. दादा उत्साहात म्हणाला, "बाबा, सांगा हिला, मीठ कसं पिकवायचं. आम्ही रेकॉर्ड करतोय."

बाबांनी नातीकडे पाहिलं. थोडं हसले. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"इसरलो गं बाय," ते म्हणाले. "कायपन आठवत न्हाय आता."

आदल्याच संध्याकाळी खाडीकडे बघत ते मला म्हणाले होते, आज उधाण येणार. आणि आलंही होतं.

कॉल संपल्यावर दादाने लगेच मला फोन केला. फोन स्पीकरवर होता, बाबा शेजारी खुर्चीत.

"बघितलंस ना? मला कधीपासून शंका होती. विसरायला लागलेत ते. एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव."

बाबांनी पाय खुर्चीवर घेतले आणि पेपर उघडला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"दाखवते," मी म्हणाले.