सिगारवाला पंतप्रधान

नवऱ्याच्या छातीच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांच्या दाराबाहेर बसलो होतो. टीपॉयवरच्या जुन्या मासिकात तो प्रसिद्ध इंग्रज पंतप्रधान होता, तोंडात नेहमीचा सिगार. सिगारेट सोडा म्हटलं, की आमच्या घरी याचाच दाखला निघे, "नव्वदी गाठली त्याने!" मी म्हणे, सिगारेट ओढून जे लवकर गेले, त्यांचे फोटो कोण छापतंय?

आज मासिक मीच पुढे सरकवलं. "बघा, तुमचा दोस्त."

त्यांनी ते पालथं ठेवलं. "त्याची गोष्ट वेगळी गं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना माझं पटलं होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. तेवढ्यात आतून नाव पुकारलं. उठता उठता मीच म्हणाले, "नव्वद वर्षं जगला की तो."