कौसल्याची प्लेट

“हळू गं, दिवा जवळ घे. नाहीतर कौसल्या होईल.”

परवा दुपारी आमच्या प्रयोगशाळेत एक मुलगी दुसरीला असं म्हणाली आणि दोघी हसल्या. दोघी नवीन, याच वर्षी एम.एस्सी.ला आलेल्या. मी पाठमोरी होते, फ्रीजमधून काहीतरी काढत होते. मी काढतच राहिले.

आमच्याकडं प्लेटमध्ये, म्हणजे बुरशी वाढवायच्या झाकणाच्या बशीत, नको ती बुरशी उगवली की प्लेट खराब झाली असं कुणी म्हणत नाही. ‘कौसल्या झाली’ म्हणतात. कौसल्या कोण, हे त्या मुलींना ठाऊक नाही. त्यांच्या आधीच्या बॅचलाही नसावं. शब्द तेवढा राहिला आहे — आणि तो माझ्यामुळं राहिला आहे. हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणींना नाही, माझ्या गाईड सरांना तर नाहीच. कुणी विचारलंही नाही म्हणा. मी कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोक चांगलंच धरून चालतात.

कौसल्या माझ्याबरोबर पीएच.डी. करत होती. देवगाव रंगारीच्या पुढं एका वस्तीवरची. घरी मेंढरं, वडील आणि चुलते वर्षातले कितीतरी महिने ती घेऊन बाहेरच असायचे. मी सिडकोत वाढलेली, इंग्रजी शाळेतली, मराठी बोलताना चुकेन की काय म्हणून गप्प बसणारी. ती मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणायची. “ए कॉन्व्हेंट, तुझी बुरशी बी इंग्लिशमधीच वाढती का गं?” चिडवायची आणि डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवायची. विभागात माझ्याशी आपण होऊन बोलणारी ती एकटीच होती. हे आधी सांगायला हवं — नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

आम्ही दोघी आल्याचा कंद सडवणाऱ्या बुरशीवर काम करत होतो. बुरशी म्हणजे बारीक तंतू, आणि तंतू वाढतो तो फक्त टोकाला. ते पुढं सरकणारं टोक मायक्रोस्कोपखाली बघत बसायला मला आवडायचं. तिथं कुणाशी बोलावं लागत नाही.

मग तो अर्क आला.

इथल्या एका बड्या नेत्यांच्या संस्थेनं तो बनवला होता. जुन्या पोथीतली कृती आहे, असं ते सांगत. आल्याची कूज मुळासकट मारतो, असा दावा. तपासणीचं काम आमच्या विभागाकडं आलं, आणि त्याच्या मागोमाग नव्या इमारतीच्या गोष्टीही कानावर यायला लागल्या. धमकी कुणी दिली नाही. अशी कामं धमकीनं होतच नाहीत, हे मला तेव्हा कळलं. संस्थेचे एक गृहस्थ अधूनमधून यायचे, चहा घ्यायचे, आमच्या प्लेट बघून “वा” म्हणायचे. निघताना सरांना म्हणायचे, “आपल्याच लोकांचा आपल्या गोष्टींवर विश्वास नसतो, ही अडचण आहे बघा. तुमचा विभाग तसला नाही.” सर हसायचे. गृहस्थ गेले की बराच वेळ चष्मा पुसत बसायचे.

अर्क घातलेल्या प्लेटवर बुरशी वाढली नाही, हे खरं. मी तिचा फोटो काढला. फार छान आला होता. पण आमच्या कामात त्यानंतर एक पायरी असते. वाढ थांबली म्हणजे बुरशी मेलीच, असं नसतं. त्या थांबलेल्या बुरशीचा कण उचलायचा, निर्जंतुक पाण्यात धुवायचा, अर्क नसलेल्या ताज्या प्लेटवर ठेवायचा आणि वाट बघायची. वाढली, तर मेली नव्हती.

मी ती पायरी टाळत होते. का, ते तुम्हाला कळलंच असेल. कौसल्यानं ती केली. तिच्या प्लेटवर बुरशी आली — पांढरी, कडेला फिकट जांभळी. तिनं मला हाक मारली. “बघ की. झोपली व्हती निस्ती.”

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. विळ्याच्या पात्यासारखे बीजाणू. हवेतून चुकून येऊन पडणारी बुरशी हिरवी असते, काळी असते, तिचे बीजाणू असे नसतात. मग अर्कातले तंतू पाहिले. त्यांच्या काही पेशी फुगून गोल झाल्या होत्या, भोवती जाड भिंत बांधून बसल्या होत्या. मेल्या नव्हत्या, दडल्या होत्या. धोका टळला की बाहेर यायचं, एवढंच.

“हो, तीच आहे,” मी म्हणाले. हळू म्हणाले. खोलीत आम्ही दोघीच होतो.

आणि मग ती बैठक. सरांची खोली, सर, ते गृहस्थ, प्रशासनातला एक माणूस आणि आम्ही दोघी. कौसल्यानं आपली प्लेट टेबलाच्या मधोमध ठेवली. “मरत नाही, सर. थांबती अन् पुन्हा येती. लोक बेणं यात बुडवून लावतील अन् सगळं रान सडून जाईल.” गृहस्थांनी प्लेटकडं पाहिलं, तिच्याकडं नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, “तुम्ही सांगा मॅडम. तुमचे वडील आमच्या चांगल्या परिचयाचे आहेत. ही परत वाढलेली तुम्ही स्वतः पाहिली का?”

एवढाच प्रश्न होता. हो म्हणायचं होतं.

सर पेपरवेट फिरवत होते. माझं पुढचं वर्ष त्यांच्या सहीवर होतं — त्यामुळं घाबरले, असं सांगता येईल. पण खरं सांगू? त्या क्षणी ते आठवलंही नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि ते बघणं थांबायला हवं होतं. बस, इतकंच. इतक्याशा गोष्टीसाठी माणूस काय काय करतं?

“इट कुड बी कंटॅमिनेशन,” मी म्हणाले. म्हणजे, हवेतून चुकून पडलेली असेल.

तिथं थांबले असते तरी — पण नाही थांबले. पुढचं कुणी विचारलंही नव्हतं. मीच आपणहून म्हणाले, “हर टेक्निक इज नॉट व्हेरी क्लीन.”

इंग्रजीत म्हणाले. मराठीत मला ते म्हणता आलं नसतं. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या मुलीचे हात स्वच्छ नसतात — मराठीत बोलले असते तर माझं मलाच ते ऐकू गेलं असतं. इंग्रजीत तो नुसता एक शेरा वाटला. आणि तिचे हात कसे होते? सुई ज्योतीत लाल होऊन निवेपर्यंत ती श्वाससुद्धा जपून घ्यायची. प्लेट खराब व्हायच्या त्या माझ्या. सरांना दिसायच्या आत ती त्या टाकून यायची, आणि त्याबद्दल कधी चिडवायचीही नाही.

गृहस्थांनी मान डोलावली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होतं. कौसल्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. तिला इंग्रजी कळलं नसेल, अशी एक आशा माझ्या मनात येऊन गेली. त्या खोटं बोलण्यापेक्षाही मला त्या आशेची जास्त लाज वाटते. तिला कळलं होतं. तिनं प्लेट उचलली, झाकण नीट बसवलं आणि बाहेर गेली.

अहवाल त्या पायरीशिवाय गेला. माझा फोटो अर्काच्या कॅनवर छापला गेला, खाली ‘शास्त्रीय पद्धतीने तपासलेला’. कार्यक्रम झाला, शाली झाल्या. कौसल्याला सगळं काम पहिल्यापासून करायला सांगितलं, तेही दुसऱ्याच्या देखरेखीखाली. तिची प्लेट दिसली की कुणी ना कुणी झाकण उघडून नाक वाकडं करायचं. पहिल्यांदा ‘कौसल्या झाली’ असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा ती खोलीतच होती. ती हसली. मग मीही हसले.

ते वर्ष संपायच्या आत ती सोडून गेली. वाळूजला एका कंपनीत लागली. पुढच्या हंगामात कन्नड तालुक्यात कंद पुन्हा सडले, तेव्हा लोकांनी पावसाला बोल लावला. मी ते पेपरात वाचलं आणि पान उलटलं.

त्यानंतर ती एकदाच भेटली, गुलमंडीच्या बाजारात, कापडाच्या दुकानात. तिनंच हाक मारली. “काय गं कॉन्व्हेंट, झालीस का नाय डॉक्टर?” मी हो म्हणाले. तिला बरं वाटलं असावं, किंवा तिनं तसं दाखवलं. दुकानदार तागा उलगडत होता, आणि मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. जुळलं तोवर तिच्या शिफ्टच्या बसची वेळ झाली होती. “येते गं,” म्हणून ती गेली. मी नको असलेल्या रंगाचं कापड घेऊन घरी आले. ते अजून तसंच घडीत आहे.

परवा फ्रीजचं दार लावलं आणि वळले. “असं म्हणू नका,” मी म्हणाले. मुली दचकल्या. माझा आवाज त्यांनी फारसा ऐकलेला नाही.

“सॉरी मॅडम, सगळेच म्हणतात म्हणून...” एक म्हणाली. दुसरी जरा धीट आहे. तिनं विचारलं, “पण कोण होती मॅडम ती? तिच्या प्लेट खरंच इतक्या खराब व्हायच्या?”

पूर्वी इथं होती कुणीतरी, असं म्हणता आलं असतं. दोघी माझ्याकडं बघत होत्या. तसंच बघणं.

“तिचे हात स्वच्छ होते,” मी म्हणाले. “ते स्वच्छ नाहीत, असं इथं मी सांगितलं. बुरशी परत वाढली होती. मी पाहिली होती.”