लांडगीचा डावा कान

"तिचा कान बघा, आन् मग मला खोटा म्हणा," म्हस्कू एकदा मारुतरावांच्या तोंडावर म्हणाला होता, भर चावडीसमोर. त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हा जे हसू पिकलं, ते अजून पुरतं सरलेलं नव्हतं.

हर्षदा त्याची नात. तिला आजाची ही गोष्ट कळत्या वयापासून पाठ होती. यवतच्या वरच्या अंगाला माळ आहे, तिथं एका ओढ्याच्या काठाला लांडगीचं बीळ सापडलं. आत पाच पिल्लं. बाकीचे धनगर म्हणाले, धूर घाला. म्हस्कूच्या बापानं, ज्ञानूनं, एक पिल्लू मांडीवर घेतलं, लोकर कापायची कातर काढली आणि त्याच्या डाव्या कानाला आपल्या मेंढरांच्या खांडाची खूण केली. टोकाला एक कातर, खालच्या कडेला दुसरी. प्रत्येक मेंढराच्या कानाला हीच खूण असायची, म्हणजे दुसऱ्याच्या खांडात मिसळलं तरी ओळखू यावं. मग पिल्लू परत बिळात सोडून ज्ञानू म्हणाला, "आता ही आपली झाली. आपल्याच जनावराला कोन धूर घालतं व्हय?"

"मग तिनं कोकरं न्हेली न्हाईत?" हर्षदा लहानपणी विचारायची.

"न्हेली की. तीन न्हेली. घरचंच खाल्लं तिनं."

शहात्तर साली ती लांडगी हमरस्त्यावर ट्रकखाली आली. म्हस्कूनं कान बघून ओळखली. तेवढ्यात पुण्याच्या विद्यापीठातली दोन माणसं जीपमधून चालली होती, ती थांबली. म्हस्कूनं एवढंच मागितलं की हिला पुरू नका. ते म्हणाले, पुरत नाही, उभी करून ठेवू. तिला ताडपत्रीत गुंडाळून घेऊन गेले. गावात त्यानं हे सांगितलं, आणि लांडग्याला मेंढराची खूण करणारा बाप कुणालाच खरा वाटला नाही. मारुतराव उपसरपंच, बागायतदार. ते म्हणाले, "म्हस्कू, तुझ्या बापानं वाघाला घुंगरूबी बांधलं आसंल." तेव्हापासून गावात कुणी मोठी थाप मारली की लोक म्हणायचे, म्हस्कूचा लांडगा आला.

लोक आपल्याला हसतात याचं म्हस्कूला काही वाटत नव्हतं. पण मेलेल्या बापाला गाव खोटं म्हणतंय, हे त्याच्या घशात काट्यासारखं रुतून बसलं होतं. खांड विकलं, चार एकरात ज्वारी आणि थोडा ऊस आला, गुडघे गेले, काटा तिथंच राहिला.

हर्षदा दौंडच्या कॉलेजात बीएस्सीला लागली आणि दोन हजार तीनच्या श्रावणात घरी येऊन म्हणाली, "आबा, विद्यापीठात प्राण्यांचं एक बारकं संग्रहालय हाय. आमचे सर म्हणले, दोन खोल्याच हायेत. पेंढा भरलेली जनावरं. काही आपल्या माळावरची."

म्हस्कूचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "पत्र घाल. यवतची लांडगी हाय का इचार. कानाचं लिहू नगं."

"का?"

"लिवलं तर म्हनतील, तुम्हीच शिकवलं. जाऊन दावू. पाच मानसं संगं न्हेऊ."

इथून बेत सुरू झाला आणि बघता बघता त्याला खटल्याचं रूप आलं. संग्रहालय बघायला लोक पोरंबाळं घेऊन जातात. म्हस्कूनं पंच निवडले. त्यात मारुतराव आधी. पुतण्या संपत दुसरा, कुरकुंभच्या कंपनीत ऑपरेटर, चुलत्याची टिंगल करण्यात सगळ्यांच्या पुढं. शेजारचा भैरू तिसरा, कारण तो कधीच काही बोलत नाही आणि अशा माणसाची साक्ष जड असते. बाकी दोन जागांवरून आठवडाभर वाद चालला.

"चुलते, मी येतो," संपत म्हणाला, "पन माझी सेकंड शिफ्ट. लांडगीला सांगा, दोनच्या आत कान हलवायचा."

रतनबाई, म्हस्कूची बायको, भाकरीचा हिशेब सोडून वेगळ्याच काळजीत होती. "हळदीकुंकू न्यावं का वं? बाईमानूस हाय ती."

"आगं, मेलेली हाय," म्हस्कू म्हणाला.

"म्हनून इचारती. सवाष्ण गेली का न्हाई, कुनाला ठावं?"

हर्षदा हसली, पण आजाकडं बघून तिनं हसू आवरलं. तो रोज संध्याकाळी फेटा धुऊन वाळत घालत होता. उद्याच निघायचंय असा.

उत्तर गुरुवारी सकाळी आलं. संपत रात्रपाळी करून नुकताच आला होता आणि मारुतराव जीपचं ठरवायला म्हणून ओट्यावर टेकले होते. भैरूही होता. हर्षदानं पाकीट फोडून मोठ्यानं वाचलं. नमुना क्रमांक एक्केचाळीस, लांडगा, मादी, यवत परिसर, एकोणीसशे शहात्तर. नमुना सुस्थितीत आहे. डावा कान दोन ठिकाणी, टोकाला व खालच्या कडेला, कापलेला आढळला. पेंढा भरताना तो शिवून घेतला आहे. भेटीची वेळ सोमवार ते शुक्रवार, अकरा ते चार.

मारुतरावांनी पत्र मागून घेतलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"पोरी, तू कानाचं लिवलं हुतंस?"

"न्हाई मामा. आबांनी लिहूच दिलं न्हाई."

मारुतरावांनी पत्राची घडी त्याच रेघांवरून घातली. "ज्ञानू धनगर खरा मानूस हुता," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण ओट्यावर सगळ्यांना ऐकू आला.

संपतला एकदम चेव चढला. "आता तर जायाचंच! चुलते, बुधवारी सुट्टी टाकतो. जीपचं भाडं माझं. फोटो काढू, चावडीत लावू."

म्हस्कू त्यांचं ऐकत नव्हता. त्यानं नातीला जवळ बोलावलं. "शिवला म्हंजी? दोरा दिसत आसंल?"

"जवळून दिसत असंल, आबा."

त्यानं आपल्या अंगठ्याची कड दुसऱ्या बोटावरून सावकाश फिरवली, कोकराचा कान चाचपतात तशी. हर्षदाला कळलं की पंचांचं काम आत्ताच ओट्यावर आटोपलं आहे. आता आजाला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. त्याला लांडगीला भेटायचं होतं.

म्हस्कू उठला. दोरीवरचा फेटा काढून त्यानं डोक्याला गुंडाळला, खुंटीचं घोंगडं खांद्यावर टाकलं. रतनबाईनं काही न विचारता दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या, आणि वर हळदीकुंकवाची पुडी. त्यानं तीही घेतली.

"चुलते, बुधवारी म्हनलं ना!" संपत ओरडला.

काठी टेकत म्हस्कू ओटा उतरला, आणि पुण्याच्या एसट्या थांबतात त्या फाट्याकडं चालू लागला.