"घरात कोण नाय"

मंडळी, आज डोकंच फिरलं.

सकाळी दारात सर्व्हेवाला मुलगा आला. आमची सून अंगणात आंबोशी वाळत घालत होती. त्याने विचारलं, "घरात कोण आहे?" ती म्हणाली, "कोण नाय. ते मुंबईला असतात." ती समोर उभी असताना तो 'घर बंद' टाकून निघालासुद्धा. मी आतून हाक मारली म्हणून थांबला.

ऐंशीच्या दशकात देवरूखजवळच्या आमच्या याच वाडीत हेच झालं होतं. पुरुष मुंबईला कामाला. सरकारी माणूस दारोदार विचारत गेला, प्रत्येक बाईने हेच उत्तर दिलं आणि कागदावर अर्धी वाडी बंद. माणसंच राहत नाहीत म्हणून विहीर नामंजूर. आणि आम्ही हंडे घेऊन वहाळात उतरतोय.

शेवटी आम्ही बायकांनीच वाडीची पाहणी करायची ठरवली. पहिल्याच घरात आम्हालाही उत्तर मिळालं, "कोण नाय." शेजारच्या सुलूकाकी माझ्यावर वैतागल्या. "कोण हाय ते इचारूच नको गो. आज पाणी कोणी भरलान ते इचार."

मग मात्र घराघरांतून नावं येत गेली. सासू, सून, लेक. त्या पाहणीवर भांडून आम्ही विहीर मिळवली.

त्याच विहिरीचा पंप आता रोज सकाळी माझी सून चालू करते. आणि भर अंगणात उभी राहून सांगते, घरात कोण नाय.

बायांनो, खरं सांगा, घरातली माणसं मोजताना तुम्ही स्वतःला धरता का?