दत्तूमामांच्या व्हॅनमधला लाल दिवा

दत्तू चौगुले, वय त्रेपन्न, राहणार उचगाव, व्यवसाय ड्रायव्हर. गेल्या मार्चमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वाआठ वाजता, कंपनीच्या गेटसमोर उभं करून ठेकेदारानं या माणसाला कामावरून काढलं. कारण — "विनाकारण गाडी थांबवणे." हे आधी वाचा. बाकीचं त्यानंतर.

भुताची गोष्ट वाचायला आला असाल तर सांगून ठेवते, मी त्यातली नाही; मी अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीतली. गाड्यांना टांगलेल्या लिंबू-मिरचीविरुद्ध मी स्वतः पत्रकं लिहिलीत, स्टँडवर वाटलीत, शिव्या खाल्ल्यात. कुणी काही 'दिसलं' म्हणालं की माझा पहिला प्रश्न — पुरावा काय? तो प्रश्न आता माझ्यावरच उलटलाय, म्हणून इथं लिहितेय.

ठेकेदाराची जुनी व्हॅन. उचगावातून अकरा बायकांना घेऊन रोज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, पॅकिंगच्या कामाला. शिफ्ट आठची. दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस गैरहजर, उशिराचं कारण कुणी ऐकून घेत नाही. मामा ही गाडी चार वर्षं चालवत होते. त्या आधीच्या आठवड्यात, गुरुवारी आणि शनिवारी, चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला — किटलीसारखं चित्र असतं तो. हा दिवा म्हणजे इंजिनात ऑइलचं प्रेशर नाही. गाडी तशीच दामटली तर इंजिन जाम. म्हणून मामांनी दोन्ही वेळा गाडी कडेला घेतली, ऑइल तपासलं. भरपूर होतं. परत स्टार्टर मारला — दिवा गायब. बायकांचा मात्र दोन्ही दिवशी अर्धा दिवस गेला.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्यातल्या शोभाअक्कांचा फोन. "ठेकेदार म्हणतोय, मामा मुद्दाम करत्यात. तू येऊन बघ की एकदा."

सोमवारी मी पुढं, मामांच्या शेजारी बसले. गोकुळ शिरगाव मागं पडलं… आणि लागला. ऊन चमकतंय का म्हणून मी तळहात आडवा धरला, तर तळव्यावर लाल उजेड पडला. मागच्या बायका उठून डोकावायला लागल्या.

"तुमास्नी बी दिसतोय न्हवं?" मामांनी विचारलं.

"दिसतोय की ओ मामा! थांबवा गाडी!" मीच ओरडले. लक्षात घ्या — थांबवायला मी सांगितलं.

फोटोसाठी मी मोबाइल काढेपर्यंत मामांनी चावी बंद केली होती, दिवाही विझला होता.

गेटवर ठेकेदार वाटच बघत होता. "ह्यो तिसरा टाइम. उद्यापास्नं यायचं न्हाय." मामांनी चावी त्याच्या हातात दिली. मी बोलले. तिथंच वहीचा कागद फाडून निवेदन लिहिलं — आम्ही बारा जणींनी दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, गाडीत बिघाड आहे, तपासणी दोन्ही बाजूंसमोर व्हावी. बारा सह्या. ठेकेदाराच्या हातात ठेवलं. आम्हाला चळवळीत असंच शिकवलंय… आधी सह्या, मग बोलणी. माणसं फुटायच्या आत कागद पक्का करायचा.

बुधवारी दुपारी उद्यमनगरात रफिकभाईंचं गॅरेज. मामा, ठेकेदार, मी आणि सुट्टी टाकून आलेल्या शोभाअक्का. रफिकभाईंनी इंजिनावरचा प्रेशरचा स्विच खोलून तिथं स्वतःचं गेज लावलं. इंजिन थंड असताना बघितलं, तापवून बघितलं, रेस देऊन बघितलं.

"प्रेशर एक नंबर हाय. इंजिनाला काय धाड भरलेली न्हाय."

"म्हणजे स्विच खराब," मी लगेच म्हणाले.

त्यांनी नवा स्विच आणला. तो लावायच्या आधी चावी चालू ठेवून स्विचची वायर बॉडीला टेकवली. अशानं दिवा लागायलाच हवा. नाही लागला. मग वायर तशीच टेकवून ठेवून ते आत बसले, चावी बंद करून परत अर्धी फिरवली. इंजिन सुरू व्हायच्या आधी सगळेच दिवे लागायला हवेत; बाकीचे लागले, ऑइलचा नाही.

"मामा, रोज सकाळी चावी फिरवल्यावर ह्यो लागतोय काय?"

"कवाच न्हाय. चार वर्सं सांगतोय मालकास्नी. करू, करू म्हणत्यात."

"चावीला लागत न्हाय आन् चालत्या गाडीत लागतोय? उलटंच हाय की सगळं!"

रफिकभाईंनी स्टिअरिंगसमोरचा मीटर बाहेर काढला, पालथा करून पाहिला. मग आमच्यासमोर धरला. ऑइलच्या दिव्याच्या जागी बल्बच नव्हता. रिकामं भोक, आत कोळ्याचं वाळकं जाळं. "जुनी गाडी विकताना दलाल काढत्यात, गिऱ्हाइकाला दिवा दिसू नये म्हणून. हे लई वर्सांपूर्वीचं काम हाय, ताई."

ठेकेदार पोट धरून हसला. "बारा बायकांस्नी एकदम मोतीबिंदू! बाईसाहेब, काढा आता पत्रक ह्याच्यावर!"

मी हट्टाला पेटले. हँडब्रेकचा दिवा लावून पाहिला — तो पार दुसऱ्या टोकाला, किटलीपर्यंत उजेड पोचत नाही. मग त्याचाच बल्ब काढून ऑइलच्या भोकात बसवायला लावला, वायर टेकवली. लागला… हुबेहूब आम्ही पाहिला तसा. रफिकभाई म्हणाले, "वायरिंगमदी सतरा भानगडी असत्यात. पर बल्ब नसताना उजेड? मला न्हाय सांगता यायचं."

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं माझंच निवेदन बायकांपुढं नाचवलं. खोट्या सह्या केल्या म्हणाला. 'काही दिसलं नाही' असं लिहून द्या, नाहीतर गेटबाहेर. अकराही जणींनी लिहून दिलं. मी त्यांना दोष देत नाही. शोभाअक्का म्हणाल्या, "पोरी, दिवा मी बघितलाय. पर माझ्या घरात मी एकटीच मिळवती हाय."

म्हणजे कागदावर दिवा पाहिलेली आता मी एकटी. मामांना काढल्याची तक्रार करायचीय; वकील म्हणतात, तिच्यातून दिव्याचा मुद्दा गाळा. गाळला, तर मामांनी गाडी का थांबवली? ठेवला, तर रिकामं भोक. गाडीला बाधा आहे, उतारा टाका, असं सांगणारे भेटतात. त्यांच्यावर मी खेकसते… पण खेकसून झाल्यावर माझ्याकडंही सांगण्यासारखं काही नसतं. व्हॅन नव्या ड्रायव्हरच्या हाताखाली रोज धावते. दिवा लागल्याचं कुणी बोलत नाही. ऑइलच्या दिव्यात बल्ब अजूनही बसवलेला नाही.

आणि मामा घरी. "त्याला दिवं दिसत्यात" म्हणून कुणी गाडी देत नाही. परवा त्यांनी मला विचारलं, "तू शिकलेली हाईस. खरं सांग, मला येड लागलंय काय?"

"नाही ओ मामा."

"मग काय झालतं?"

त्या रात्रीच हे लिहायला बसले.

तुमच्यापैकी कुणाला कारण ठाऊक असेल, तर ते नंतर सांगा. आधी एक काम करा. शाळेची गाडी असो, कंपनीची असो, दुधाचा टेम्पो असो — ज्याला ड्रायव्हर हवाय, त्यानं दत्तू चौगुल्यांच्या हातात चावी द्यावी. अकरा जणींची शिफ्ट बुडतेय, आपली नोकरी जाणार आहे, हे माहीत असूनही त्यांनी गाडी थांबवली. उचगावात कुणालाही घर विचारा. याच आठवड्यात जा.