अध्यक्षांचं मानपत्र

भोपाळच्या एका सरकारी कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचे, हिंदीतून. परदेशांच्या राज्यकारभारावर एक पेपर असायचा आणि त्यात अमेरिकेच्या एका अध्यक्षावरचा प्रश्न वर्षाआड हमखास पडायचा. या माणसाने घरच्या गोरगरिबांना दवापाणी दिलं, म्हाताऱ्यांना आधार दिला, ज्यांना मतापासून दूर ठेवलं होतं त्यांना मताचा हक्क मिळवून दिला. आणि त्याच काळात समुद्रापलीकडच्या एका लहान देशावरचं युद्ध वाढवत नेलं. मूल्यमापन करा. मुलं गाइडमधून पाठ करून यायची. एक बाजू, मग दुसरी बाजू, खाली रेघ मारून उपसंहार. दोन्ही बाजू दिसल्या की मी मार्क देऊन मोकळी व्हायचे.

करोंद मंडीतल्या एका धान्य व्यापाऱ्याची मुलगी होती वर्गात, फार बोलायची. तिने एकदा विचारलं, "मॅडम, जिन गाँवों पर बम गिरे, वो लोग इसका उत्तर क्या लिखेंगे?" मी म्हटलं, ते लोक या पेपरला बसलेले नाहीत. वर्ग हसला, तीही हसली आणि आम्ही पुढच्या धड्याला लागलो.

निवृत्तीनंतर तोच प्रश्न माझ्या घरी आला. बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांनी ऐंशी ओलांडली आणि त्यांचं सहस्रचंद्रदर्शन सगळ्या कॉलनीने मिळून करायचं ठरलं. आमच्याकडे मराठी घरं पुष्कळ. काही पिढ्यान्‌पिढ्या इंदूर-उज्जैनची, काही आमच्यासारखी, कारखान्यातल्या नोकरीपायी महाराष्ट्रातून आलेली आणि इथेच राहिलेली. कुणाचाही सत्कार असला की मानपत्र लिहायचं आणि वाचायचं काम माझं. मला कुणी विचारतही नाही, नुसतं तारीख सांगतात. मानपत्रात 'परंतु' लिहीत नाहीत, त्यामुळे ते लवकर होतं.

आमचे अध्यक्ष मूळचे उज्जैनचे, पाटबंधारे खात्यात होते. माणूस कामाचा, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा टँकरमागे बादल्या घेऊन पळत होतो. नगर निगमाच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, पायऱ्या झिजवून नर्मदेचं पाणी घराघरांत आणलं ते यांनी. उघडा नाला झाकून घेतला. कचऱ्याच्या ढिगावर बाग केली, बागेत म्हाताऱ्यांसाठी पाठ टेकता येईल असे बाक टाकले. रोज सकाळी हातात काठी घेऊन कॉलनीला फेरी घालायचे आणि ज्याच्या दारात नळ वाहताना दिसेल त्याची हजेरी घ्यायचे. मीही बोलणी खाल्ली आहेत.

मग साथ आली. पहिल्या लाटेतून आम्ही कसेबसे निभावलो, दुसरीत अध्यक्ष सेनापती झाले. "वहिनी, ही जंग आहे," असं मला फोनवर म्हणाले. "जंगमध्ये ढील नाही चालत." मागच्या गेटला साखळी आणि कुलूप लागलं, किल्ली त्यांच्या खिशात. आजारी घरापुढे बल्ल्या, म्हणजे लाकडाचे लांब वासे, आडव्या बांधल्या जाऊ लागल्या. आणि त्याच अध्यक्षांनी बागेच्या खोलीत स्वयंपाक सुरू केला. बल्ल्या बांधलेल्या प्रत्येक घराच्या फाटकाला दोन्ही वेळचा डबा येऊ लागला. बरेचदा ते स्वतः अडकवून जायचे.

आमच्या घरापुढे बल्ल्या लागल्या तेव्हा आम्ही दोघंच होतो. मुलगी पुण्याहून फोन करायची. एका दुपारी यजमानांना श्वास पुरेना. अॅम्ब्युलन्स मिळाली, हे त्या दिवसांत नवलच. ड्रायव्हर जवळच्या रस्त्याने आला आणि मागच्या गेटाबाहेर उभा राहिला. आमच्या घरापासून ते गेट हाकेच्या अंतरावर. बल्ल्या ढकलून मी तिथपर्यंत गेले. चौकीदार म्हणाला, "मैडम, चाबी अध्यक्षजी के पास है." मी अध्यक्षांना फोन केला.

"वहिनी, टेन्शन नका घेऊ," ते म्हणाले. "पण पेशंट निघायचा तर निगमवाल्यांना खबर द्यावी लागते. नियम सगळ्यांना एकच. मी बोलून राहिलोय त्यांच्याशी, होऊन जाईल." पुढच्या गेटाने वळून यायला ड्रायव्हर तयार होता, पण तिकडेही परवानगीशिवाय गाडी आत घ्यायची नाही असा हुकूम होता. साखळीच्या पलीकडे गाडीचं इंजिन चालू होतं. मी घर आणि गेट यांच्यामध्ये येरझारा घालत होते. किती वेळ गेला, मी मोजला नाही. मग अध्यक्ष स्वतः धावत आले, मास्क, हातमोजे, सगळं घालून. कुलूप उघडलं, स्ट्रेचरला हातही लावला.

हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तेव्हा यजमान गेलेले होते. लवकर आणलं असतं तर वाचले असते का, असं मी डॉक्टरांना विचारलं. नक्की सांगता येणार नाही, असं म्हणाले. मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं आणि अजूनही वाटतं.

संध्याकाळी परत आले तर फाटकाला डबा होता. दोन माणसांचा. मी हात धुतले आणि एकटीने तो सगळा खाल्ला, पोळ्यासुद्धा. घास अडला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. पुढेही आलं नाही. मुलगी म्हणायची, आई, रड एकदा. मी म्हणायचे, येईल तेव्हा रडेन. अध्यक्ष भेटले की मी नमस्कार करायचे. राग यायला हवा हे मला कळत होतं, पण दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसा तो भाग बधिर होता. लोक म्हणायचे, बाईंनी किती शांतपणे घेतलं. बाईंनी काहीच घेतलं नव्हतं.

मानपत्राचं ठरल्यावर अध्यक्ष घरी आले. चहा झाला, गुडघ्यांचं झालं. मग जरा लाजतच म्हणाले, "वहिनी, पाणी-बिणी तर तुम्ही लिहालच. पण कोरोनाचं जरूर लिहा. सगळ्या भोपाळात इतकी माणसं गेली न, पण आपल्या कॉलनीत एकही मृत्यू नाही. एकही नाही. हे तुम्ही लिहा. माझ्या जिंदगीची कमाई तीच."

 ते टोमणा मारत नव्हते. काही लपवतही नव्हते. यजमान हॉस्पिटलच्या दारात गेले, म्हणजे कॉलनीत गेले नाहीत, एवढा साधा हिशेब त्यांनी केला होता आणि इतकी वर्षं तो बरोबर धरून चालले होते. ज्या खुर्चीवर बसून हे बोलत होते, तिच्या मागच्या भिंतीवर हार घातलेला फोटो होता. "लिहिते," मी म्हटलं. आणि लिहिलं. पाणी, नाला, बाग, डबे सगळं मनापासून लिहिलं, कारण ते सगळं खरं होतं. त्यांचं वाक्यही त्यांच्याच शब्दांत घातलं. ते वाक्य माझ्यापाशी दोन-तीन दिवस घुटमळत राहिलं, पण मी ते खोडलं नाही.

समारंभ बागेतल्या हॉलमध्ये झाला. तबकांत दिवे लागले, बायकांनी ओवाळलं, अध्यक्ष शालीत अवघडून बसले होते. मी माइकसमोर उभी राहून वाचायला लागले. टाळ्या पडत होत्या. त्या वाक्याशी आले आणि वाचलं, "आपल्या अध्यक्षतेखाली कॉलनीत एकही मृत्यू झाला नाही." सगळ्यांत मोठी टाळी तिथे पडली. पुढच्या रांगेत बसलेल्या शेजाऱ्यांनी वाजवली, मागच्यांनी वाजवली. यजमानांच्या वर्षश्राद्धाला आलेले लोक होते ते. अध्यक्षांचे डोळे भरून आले आणि त्यांनी हात जोडले, ते थेट मला.

मी कागद खाली ठेवला.

"एक झाला," मी म्हणाले. "माझा नवरा."

टाळ्या थांबायला वेळ लागला, मागे नीट ऐकू गेलं नसावं. अध्यक्ष गोंधळून म्हणाले, "पण वहिनी, ते तर हॉस्पिटलमध्ये..." आणि मध्येच थांबले. चेहऱ्यावरून कळलं की आता त्यांना ते गेट दिसलं. म्हातारा माणूस, स्वतःच्या सोहळ्याला बसलेला, सगळ्या कॉलनीसमोर एवढासा झाला. मला त्यांची दया यायला हवी होती. राग आला. इतक्या वर्षांनी आला, आणि माइक हातात धरून सगळ्यांसमोर मी रडायला लागले.